नोंदींचं बिऱ्हाड

कांद्याच्या डेंगळ्यांवर गोंडे उमलले की लोक खूश होतात. मला धडकी भरते.

सिरसाळ्याच्या अलीकडे डांबरी सोडून आत वळलं, की ओढ्याच्या अंगाला उत्तमरावांचं शेत लागतं. संक्रांत मागे पडली की तिथला कांदा फुलतो. हा खायचा कांदा नव्हे, बियाण्याचा. कमरेएवढ्या पोकळ हिरव्या दांड्या आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला पांढरा गेंद. सकाळी त्याला फारसा वास नसतो. ऊन चढलं की गोड आणि उग्र मिळून एक दरवळ सुटतो, आणि माझ्या पेट्यांच्या तोंडाशी आवाज सुरू होतो. तो आवाज ऐकत मी दिवसभर बसू शकतो. बसतोही. पण बसल्या जागी माझं एक बोट सारखं खिशातल्या फोनवर असतं.

यंदा गोंडे उमलले त्याच सुमाराला फोनवर एक निरोप आला. ज्या ॲपमध्ये मी नोंदी ठेवतो ते बंद होणार आहे, तुमच्या नोंदी दुसरीकडे घेऊन जा, असं त्यात होतं. निरोप इंग्रजीत होता. पण असला मजकूर आता मला वाचावा लागत नाही, नुसता बघून कळतो. घरमालक जागा सोडायला सांगायला येतो, तेव्हा त्याच्या दारात उभं राहण्यावरूनच समजतं, तसं. तीन वर्षांपूर्वीचा हंगाम समोर उभा राहिला. तेव्हाही असंच पांढरं शेत होतं, असाच दरवळ होता, आणि असंच माझं नोंदींचं बिऱ्हाड एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये हलवणं चालू होतं.

मी मधमाश्यांच्या पेट्या सांभाळतो. पेट्या माझ्या नाहीत, मामांच्या. मामाही सख्खे नव्हेत. आमच्या गावाकडे, कोयनेच्या पाण्याकाठच्या डोंगरात, त्यांचा पेट्यांचा धंदा आहे, आणि शाळा सुटल्यावर मला कुणीही हाताशी धरलं नसताना त्यांनी धरलं, म्हणून मामा. शाळा सुटली म्हणजे मी सोडली असं नाही. ती पाण्यापलीकडे होती. आठवी झाली आणि पलीकडे नेणाऱ्या लाँचचं इंजिन जे बंद पडलं ते नीट होईना. बरोबरची मुलं पलीकडे नातेवाइकांकडे राहायला गेली. आमचं पलीकडे कुणी नव्हतं. मी काठावर बसून शाळेची घंटा ऐकायचो. पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो. त्या घंटेनं मला जी भीती लावली ती अजून गेलेली नाही. सगळे वेळेवर पोचलेत आणि आपण तेवढे अलीकडे राहिलोय, ही ती भीती.

मामांनी पेट्यांबरोबर मला जगभर, म्हणजे आमच्या मानानं जगभर, हिंडवलं. सूर्यफूल असेल तिथं, मोहरी असेल तिथं, आणि थंडीच्या शेवटी बीड जिल्ह्यात कांद्यावर. माश्या या गेंदावरून त्या गेंदावर फिरल्या नाहीत, तर फूल दिसायला छान पण आत बी धरत नाही. म्हणून इथले लोक फुलोऱ्यात पेट्या मागवतात. पहिल्यांदा आलो तेव्हा मला या भागाची फार भीती वाटली. इथं पाठ टेकायला डोंगर नाही. आभाळ नको तेवढं मोठं आहे. आमच्याकडे सूर्य डोंगराआड गेला की दिवस संपतो. इथं तो जमिनीला टेकूनही बराच वेळ आपल्याकडे बघत राहतो.

खरी भीती मात्र आभाळाची नव्हे, पंपाची.

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका गावात, या जिल्ह्यात नव्हे, शेजारच्या शेतात भर सकाळी औषध फवारलं गेलं होतं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. दुपारी पेट्यांसमोरची जमीन हलत होती. माश्या उडत नव्हत्या, जागच्या जागी गरगर फिरत होत्या, आणि त्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. माशीला जीभ असते हे मला त्या दिवशी कळलं. मामांनी केरसुणी घेतली, मेलेल्या माश्या सुपात भरल्या आणि एक खड्डा खणला. संध्याकाळी पेट्यांच्या तोंडाशी जो आवाज असतो तो नव्हता. गावात असताना वीज जाते आणि पंख्याचा आवाज थांबतो, तेव्हा तो आवाज होता हे कळतं, तसं ते शांत.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या अंगाला चिकटली. आजूबाजूला कोण, कधी, कुठे फवारणार हे मला आधी कळलंच पाहिजे. कळलं की आदल्या सांजेला, सगळ्या माश्या घरी आल्यावर, पेट्यांची दारं लावायची, वरून ओली पोती टाकायची म्हणजे आत उकडत नाही, आणि फवारणीनंतर बराच वेळ गेल्यावर उघडायचं. एवढंच. पण एवढंच चुकलं की खड्डा.

म्हणून नोंदी. कुणी म्हणेल, वही ठेव. ठेवली होती. माझ्या बोटांना सदा मेण आणि डिंक. पानं एकमेकांना चिकटून फाटायची. आणि खरं सांगायचं तर मला माझं अक्षर बघवत नाही. आठवीत अडकलेलं अक्षर आहे ते, वाकडं, घाबरलेलं. कुणी वाकून बघितलं तर मी वहीवर हात ठेवायचो. फोनवर तसं होत नाही. फोनवर माझा ‘क’ आणि शिकलेल्या माणसाचा ‘क’ अगदी सारखाच दिसतो. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी ‘पेटी’ हा शब्द नुसताच परत परत लिहून बघितला होता.

सुरुवातीला मी स्वतःलाच मेसेज पाठवायचो. अमक्या पेटीत राणी म्हातारी, तमके आज हरभऱ्यावर मारणार. पण मेसेज ओढ्याच्या पाण्यासारखे खाली वाहून जातात. सकाळी लिहिलेलं संध्याकाळी शोधायला वर वर सरकवत गेलो की मध्येच कुणाच्या लग्नाची पत्रिका, कुणाचं गुलाबाचं फूल.

मग माजलगावच्या मोबाईल दुकानदारानं एक पिवळं ॲप टाकून दिलं. चिठ्ठ्यांचं. सगळे डॉक्टर लोक हेच वापरतात, म्हणाला. कुठले डॉक्टर ते मी विचारलं नाही. प्रत्येक पेटीची एक पिवळी चिठ्ठी. फार आवडलं मला. पण त्या ॲपची एक खोड होती. ज्या चिठ्ठीला शेवटचा हात लागला ती सगळ्यांत वर यायची. आणि हात कुठल्या चिठ्ठीला जास्त लागणार? जी पेटी आजारी, तिच्या. त्यामुळे रोज सकाळी डोळे चोळत फोन उघडला की पहिली आजारी पेटी, मग दुसरी आजारी पेटी. चांगल्या पेट्या तळाशी, दिसतसुद्धा नसत. सगळ्या पेट्या मरायला टेकल्यात असंच वाटायचं. मला मुळात असं वाटायला फार लागत नाही. त्यात हे.

ते सोडलं आणि रकान्यांचं ॲप घेतलं. ते देखणं होतं. पानात पान, त्यात रकाने, रकान्यांना रंग. सुरुवातीलाच त्यानं मला विचारलं की तुमच्या टीमचं नाव काय. मी बराच विचार करून ‘मामा’ लिहिलं. त्यात माझ्या नोंदी अशा शहाण्या दिसायच्या की मी उगीच उघडून बघत बसायचो. उत्तमराव, म्हणजे ज्यांच्या शेतात पेट्या असतात ते, एकदा विहिरीवरून येताना थांबले. चांगला माणूस. राहायला गोठ्याशेजारची खोली, फोनला चार्जिंग, दूध. काही कमी पडू देत नाही. पण तोंडाचे फटकळ.

“दिवसभर त्या फोनमधी काय बघायलास बे?” ते म्हणाले. “माश्या पेटीत हायत.”

मी हसलो. आणि नंतर दिवसभर ते वाक्य चघळत राहिलो. माझ्यावर कुणी उपकार केले की मला त्या माणसाची भीती वाटायला लागते. नाराज तर झाला नसेल, उद्या म्हणाला आता पुरे, पेट्या उचला, तर. मामांची वाटते, उत्तमरावांची वाटते. लोकांना वाटतं हा फार नम्र आहे. नम्र कसला. घाबरलेला आहे.

रकान्यांच्या ॲपचं दुखणं वेगळं होतं. त्याला रेंज लागायची. ओढ्याच्या खोलगटात फोन लागतो, पण नेटची रेंज नाही. तिथं उघडलं की पांढऱ्या पडद्यावर एक गोल फिरत राहायचा. बाकी काही नाही. सगळं आहे, कुठंतरी वर आहे, पण आत्ता माझ्यापाशी नाही. पाण्यावरून घंटा ऐकू येते आणि शाळा पलीकडेच राहते, तसं. मी फोन हातात उंच धरून बांधाबांधानं फिरायचो. बघणाऱ्याला वाटत असेल, आभाळाला काहीतरी दाखवतोय.

मग आणखी एक ॲप शोधलं. हे बिनरेंजचं चालायचं, आणि आठवण करून द्यायचं. नोंद लिहिली, तारीख दिली, की त्या दिवशी घंटी. मला वाटलं, हे आपलं घर. आता इथून हलायचं नाही.

मामांचा पेट्या हलवण्याचा एक नियम आहे. पेटी सरकवायची तर रोज वीतभर, नाहीतर एकदम कोसभर लांब न्यायची. मधलं अंतर नाही. मधल्या अंतरावर नेली तर माशी फुलावरून परतताना जुन्या जागीच येते. पेटी वीस पावलांवर समोर दिसत असते, तरी तिला ती दिसत नाही. जिथं घर होतं त्या रिकाम्या हवेत ती घिरट्या घालते, आणि सांजेला गारठून तिथल्याच दगडावर बसते. मी लहान असताना असा एक घोळका ओंजळीत धरून पेटीत सोडला होता. ओंजळीत त्या थरथरत होत्या, चावल्या नाहीत.

ॲप बदललं की माझंही तसंच व्हायचं. नवं डाव्या कोपऱ्यात असलं तरी बोट जुन्याच्या जागी जायचं. तिथं आता दुसरंच काही असायचं, कॅल्क्युलेटर वगैरे. पेटीचा नंबर शोधायला निघालेला मी आकडेमोडीच्या चौकटी बघत क्षणभर उभा. आणि प्रत्येक हलवाहलवीत काहीतरी जुन्या जागी राहून तर नाही गेलं, ही धाकधूक. माणसांच्या बिऱ्हाडात राहतं ते तवा, कात्री, असलं. माझ्या बिऱ्हाडात काय राहील ते मला माहीत होतं.

आता मुक्ताकाकू. उत्तमरावांच्या बांधाला लागून त्यांचा लहानसा तुकडा. त्यांनीही कांद्याचं बी धरलेलं असायचं. पेट्या त्यांनी मागवलेल्या नसत, पण माशीला बांध कळत नाही, ती दोन्हीकडे जायची. काकू एकट्याच कसत. नवरा गेलेला, मुलगी पालीला दिलेली. बोलणं कमी. कधी भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा घालून बांधावर ठेवून जायच्या आणि लांबून हात करायच्या. मी धावत आभार मानायला जाईपर्यंत पाठमोऱ्या झालेल्या असत. त्यांच्याकडे बटणाचा फोन होता, पण तो घेण्यापुरताच. मुलीचा आला तर घ्यायचा. आपण होऊन त्या कुणाला लावत नसत.

त्या वर्षी त्यांच्या कांद्यावर फुलकिडे पडले. मी विचारायला गेलो, कधी मारणार. संध्याकाळी मारलं तर फार बरं, माश्या घरी आलेल्या असतात, असंही म्हणून बघितलं. त्या म्हणाल्या की दिवस कलला की ओढ्यातून रानडुकरं निघतात, एकटी बाई मी रानात थांबत नाही. सकाळीच मारीन. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी.

इथं दिवस असेच सांगतात. पाणी बाजाराच्या आदल्या दिवशी दिलं, पाहुणे बाजार करून येणार, गाय बाजाराच्या रात्री व्याली. सोमवार-मंगळवार भिंतीवर असतात. रानात बाजार असतो. मीही तेच शब्द तसेच्या तसे रकान्यांच्या ॲपमध्ये लिहून ठेवले होते. त्या ॲपला काहीही चालायचं. पण नव्या ॲपमध्ये नोंद हलवताना त्यानं लाल अक्षरात अडवलं. तारीख निवडा. मी सिरसाळ्याचा बाजार धरला, कारण माझा भाजीपाला, मीठमिरची सगळं सिरसाळ्याच्या बाजारातलं. त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख लावली. आदल्या सांजेची घंटी लावली. एक छोटी घंटा कोपऱ्यात उमटली आणि मला फार बरं वाटलं. एक काळजी तरी माझ्या डोक्यातून निघून फोनमध्ये गेली होती.

त्या सकाळी मी लिंबाखाली बसलो होतो. चांगलं ऊन आलं होतं, पेट्या भरात होत्या. माझी मान खाली होती. जुन्या ॲपमधून नव्या ॲपमध्ये एकेक पेटी नेत होतो. राहून काही जाऊ नये म्हणून एकेक नोंद दोन-दोनदा वाचत होतो. किती वेळ गेला कळलं नाही. मान अवघडली म्हणून वर बघितलं, तर बांधावर मुक्ताकाकू बसलेल्या. त्यांच्या शेजारी निळा पंप. तोंडाला फडकं बांधलेलं, हातात मोजे म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या. फवारणीचा सगळा पेहराव.

आणि त्यांच्या कांद्यावर, प्रत्येक गेंदावर, माश्या.

मला उभं राहिलेलं आठवत नाही. पळत होतो एवढं आठवतं, आणि पळताना डोळ्यांसमोर ते सूप होतं. दांड्या अंगावर मोडत होत्या. बियाण्याच्या दांड्या मोडतो म्हणून उत्तमराव काय म्हणतील, हेही त्यातल्या त्यात मनात येऊन गेलं. काकूंनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

“कावून पळायलाव?” त्या म्हणाल्या. “पंपात नुसतं पानी हाय.”

त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसलो.

“पोती दिसंनात पेट्यांवर, म्हनून बसले. म्हनलं, इसरले वाटतं. का बाहेर गेलते?”

मी म्हणालो की काकू, तुम्ही बाजाराच्या दुसऱ्या दिवशी म्हणाला होता.

“मंग काल बाजारच होता की.”

“सिरसाळ्याचा अजून यायचाय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत, पण हसण्याच्या अलीकडे कुठंतरी होत्या. “आमी कशाला सिरसाळ्याला जाऊ? ओढ्याच्या पल्याडची वस्ती आमची. आमचा बाजार तिकडला.”

ओढ्याच्या अलीकडचे सिरसाळ्याला जातात. पलीकडच्या वस्तीवरचे दुसऱ्या गावी, आणि तिथला बाजार दोन दिवस आधी भरतो. शेताला शेत लागून, बांध एक, पण घर पलीकडे म्हणून आठवडा वेगळा. इथल्या कुणालाही हे सांगावं लागलं नसतं. आणि कुणालाही ते मला सांगायचं सुचलं नसतं.

मी त्यांना विचारलं की पोती बघायची हे तुम्हाला कुणी सांगितलं. मला खरंच माहीत नव्हतं. पोती मी टाकत होतो ती माश्यांना उकडू नये म्हणून. ती लांबून कुणाला दिसतात, आणि दिसली की काही कळतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्या पेट्या निळ्या-पिवळ्या. पोती पडली की सगळी ओळ तपकिरी होते.

“कोन सांगंल?” त्या म्हणाल्या. “रंग दिसला की माश्या बाहीर. पोतं दिसलं की घरात. पोती बघितल्याबिगर मी औषध कालवीतच न्हाई.”

मग त्या उठल्या. पंपातलं पाणी बांधावरच्या बाभळीच्या बुडाशी ओतलं. मी म्हणालो की माझ्यामुळे तुमचा आजचा दिवस गेला. त्या म्हणाल्या, उद्या मारीन, किडे एक दिवस जास्त खातील, खाऊ देत. रिकामा पंप पाठीवर घेऊन त्या ओढ्याकडे निघाल्या आणि मी तसाच बसून राहिलो. माझ्या डोक्यावरून, कानांजवळून माश्या जात होत्या, पायांना परागाच्या पांढुरक्या गोळ्या लावून. त्यांना काही माहीत नव्हतं. रागही नव्हता, आभारही नव्हते. घाई होती.

त्या सांजेला मी दारं लावली, पोती टाकली. दुसऱ्या दिवशी काकूंनी फवारलं. त्याच सांजेला भाकरी खाताना माझ्या खिशात घंटी वाजली. फोन काढून बघितलं. पेट्या बंद करा, काकू उद्या सकाळी फवारणार. किती आत्मविश्वासानं वाजत होतं ते. ते ॲप चुकलं असं मी म्हणणार नाही. जी तारीख दिली त्या तारखेला ते इमानानं वाजलं. पण ते माझी काळजी घेऊन गेलं होतं, आणि काळजी गेल्यावर मी वर बघणं सोडलं होतं. मला वाटतं, मला काळजी अंगावरच लागते. ती उतरवून ठेवणारी जागा शोधत मी इतकी ॲपं फिरलो, आणि ती उतरली त्याच सकाळी मी मान खाली घालून बसलो होतो.

तरी मी नोंदी सोडल्या नाहीत. सोडवत नाहीत. राण्यांची वयं, आजारी पेट्या, सगळं अजून फोनमध्येच आहे, आणि यंदा परत बिऱ्हाड उचलायचं आलं.

यंदाची भीती जरा मोठी होती, कारण यंदा काकू नाहीत. म्हणजे आहेत, पालीला मुलीकडे आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, एकाचं झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. तुकडा त्यांनी बटईला दिला, ज्ञानोबा म्हणून एक तरणा माणूस आहे त्याला. मी पहिल्याच दिवशी त्याला गाठलं. कानात वायर, पाठीवर नवा बॅटरीचा पंप, त्याची फवारणी भसाभस होते. फवारायच्या आधी सांगा, मी म्हणालो. तो म्हणाला, मेसेज टाका, बघतो. मी टाकला. पुढे दोन निळ्या खुणा उमटल्या, पण निळ्या खुणांनी माणूस काय समजला ते समजत नाही. त्यानं एक दिवस सांगितला. यावेळी मी बाजार कुणाचा हेही विचारून घेतलं, तारीख वदवून घेतली, आणि तरी रोज सकाळी बांधाकडे बघत राहिलो.

काल सकाळी मी लिंबाखालीच होतो. नवं ॲप टाकलं होतं, पाचवं की सहावं, नोंदी हलवत होतो. तारखेच्या चौकटीशी येऊन अडलो होतो, आणि फोन वाजला. ज्ञानोबाचं नाव. मला वाईट बातम्या नावावरून कळतात असं वाटतं. नेहमी चुकीचं वाटतं, पण वाटतं. मी वर बघितलं. तो बांधावर होता. पाठीवर पंप. ठरलेला दिवस नव्हताच, त्याला अजून दोन दिवस होते. आणि माझ्या पेट्या निळ्या-पिवळ्या, उन्हात, उघड्या.

“मधवाले,” तो फोनवर म्हणाला, आणि तेच शब्द बांधावरूनही ऐकू आले, “पोती न्हाईत की तुमची.”

मी विचारलं, तुम्ही तर परवाचं बोलला होता. त्याला परवा कुठंतरी जायचं निघालं होतं, म्हणून तो आजच आला होता. मला कळवायचं राहिलं म्हणाला. सहज म्हणाला. मी विचारलं, औषध कालवलं का.

“न्हाई बा. वाटा ठरवतानाच काकूनं सांगितलंय. बी निम्मं, खत निम्मं, रातचं पानी माझ्याकडं, आन पोती बघितल्याबिगर औषध कालवायचं न्हाई. न्हाई जमलं तर रान माघारी.” त्यानं पाठीवरचा पंप सावरला. “मी म्हनलं काकू, हे कसलं कलम. तर म्हनल्या, हायच.”

उद्या सकाळी येतो म्हणून तो गेला.

संध्याकाळी धीर करून पालीला फोन लावला. मुलीनं काकूंकडे दिला. डोळ्याला पट्टी आहे, अंधारात बसवलंय म्हणाल्या, कंटाळा आलाय लई. गोंडे कसे आहेत विचारलं. मी सांगितलं, यंदा चांगले धरलेत. मग ज्ञानोबाचं सांगितलं. आभार मानायचे होते. किती दिवसांचे साठलेत ते. पण मला ते कधी नीट मांडता येत नाहीत.

“पोती दिसली का त्याला?” काकूंनी विचारलं.

“नाही दिसली, काकू. म्हणून थांबला तो.”

“मंग झालं की,” त्या म्हणाल्या. आणि मग, पलीकडे मुलगी फोन मागत होती तेवढ्यात, “वाळू देऊ नका पोती. वाळली का उन्हात भुरकी पडतेत, लांबून दिसत न्हाईत.”

फोन बंद झाला आणि पडद्यावर नवं ॲप परत वर आलं. तारखेची चौकट रिकामीच होती, एक उभी रेघ तिच्यात लुकलुकत होती. काय भरायचं ते मला ठाऊक होतं, तरी बोट पुढे जाईना. पेट्यांच्या तोंडाशी शेवटच्या माश्या उतरत होत्या. दिवस जमिनीला टेकला होता आणि नेहमीसारखा माझ्याकडे बघत होता. मी चौकट तशीच ठेवली, फोन लिंबाच्या फांदीच्या बेचक्यात ठेवला आणि पोती भिजवायला बादली घेऊन विहिरीकडे गेलो.